बाई माणूस असं करील का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या अंकातल्या बाललैंगिक अत्याचारावरच्या लेखात एक वाक्य होते : "मुलाला त्रास देणारी व्यक्ती स्त्रीही असू शकते." त्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून पत्रे आली. काही रागाने लिहिलेली, काही चाचरत, एक तर पंचवीस वर्षे मनात दाबून ठेवलेले. लैंगिक गुन्ह्यांवरचे संशोधन आणि पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा) यांच्याशी रोजचा संबंध असलेल्यांनी मिळून ही उत्तरे लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. पीडित मुलाची ओळख उघड करणे हा पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि लहान गावात ओळख पटायला शाळेचे नावसुद्धा पुरते.

प्रश्न : लैंगिक गुन्हे करणाऱ्यांत बायका दोन टक्के असतात असे एका ठिकाणी वाचले, दुसरीकडे चाळीस टक्के. इतका फरक कसा? खरे काय धरायचे?
— कायद्याची विद्यार्थिनी, बेळगाव

दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत. संशोधक फ्रान्का कॉर्टोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली १२ देशांतल्या १७ नमुन्यांची आकडेवारी एकत्र करून तपासली. पोलिसांपर्यंत पोचलेल्या लैंगिक गुन्ह्यांत स्त्री गुन्हेगार सरासरी २.२ टक्के निघाल्या. पण जिथे थेट पीडितांना विचारले होते, "तुमच्याशी हे करणारी व्यक्ती कोण होती?", तिथे हे प्रमाण ११.६ टक्क्यांवर गेले, म्हणजे पाचपटीहून जास्त. चाळीस टक्के आले ते याच अभ्यासातून, आणि तो आकडा फक्त पुरुष पीडितांचा आहे. पीडित पुरुषांपैकी ४० टक्क्यांनी आपल्याशी गैरकृत्य करणारी स्त्री होती असे सांगितले. पीडित स्त्रियांत हे प्रमाण ४ टक्के होते. "गुन्हेगारांत चाळीस टक्के बायका" असे कोणी लिहिले असेल तर त्याने आकडा चुकीच्या जागी लावला आहे. बहुसंख्य गुन्हेगार पुरुषच असतात.

आता २.२ आणि ११.६ यांच्या मधल्या फरकाकडे बघा. मुलाने सांगायचे, घरच्यांनी ऐकायचे, कुणीतरी ठाण्यात जायचे, पोलिसांनी लिहून घ्यायचे, डॉक्टरांनी मनावर घ्यायचे. आरोप बाईवर असला की यातल्या प्रत्येक पायरीवर तक्रार थोडी थोडी गळते. मिरियम डेनोव्ह यांनी कॅनडात पोलीस, मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रियांकडून अत्याचार सोसलेल्या १४ व्यक्ती यांच्याशी बोलून २००४ साली जे मांडले ते हेच : ज्यांनी ऐकून घ्यायचे, त्या व्यावसायिकांच्याच मनात "बाई असे करूच शकत नाही" हे आधीपासून पक्के बसलेले होते.

आपल्याकडे स्त्री गुन्हेगारांची वेगळी मोजणी क्वचितच होते. पण एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल काढला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी एक वा अधिक प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते, ५२.९४ टक्के. घराघरांत काळजी होते ती मुलींची. मुलग्याला "तुला कोणी काही केलं का?" असे विचारणारे घर विरळाच.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, वसतिगृहात राहतो. सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "मावशी न्हाणीत लई वेळ ठेवते, मला तिच्याकडनं आंघोळ नको." आमचे मालक म्हणतात, बाई माणूस आहे, पोराला स्वच्छ करत असेल, तू भलतंसलतं मनात आणू नकोस. मला झोप लागत नाही. कसे विचारू?
— एक आई, खानापूर तालुका

ताई, तुम्हाला शंका आली यात तुमचे काही चुकलेले नाही. मुलाने आपणहून सांगितले ही मोठी गोष्ट आहे. पुढे तो बोलेल की गप्प होईल, हे पहिल्या दोन दिवसांत तुम्ही कसे वागता यावर पुष्कळसे ठरते.

मुलांची आंघोळ, शी-शू, आजारपण हे बायकांच्या हातात असते. म्हणून स्त्रीचा गैरस्पर्श "काळजी"च्या आड सहज लपतो आणि मुलालाही नक्की काय झाले ते कळत नाही. फरक करायला काही खुणा आहेत. नऊ वर्षांच्या निरोगी मुलाला अंग धुऊन द्यायची गरज नसते. तो नको म्हणाला तरी थांबले नाही, इतर मुले बाहेर गेल्यावरच बोलावले, कडी लावली, कामापेक्षा जास्त वेळ लावला, "कुणाला सांगू नको" म्हटले, नंतर खाऊ दिला किंवा धाक घातला, यातले काहीही आढळले तर ती स्वच्छता नव्हे. शेवटच्या दोन खुणा सगळ्यांत वजनदार. अंग धुण्यात लपवण्यासारखे काही नसते.

आता विचारायचे कसे. एकदाच विचारा, निवांत वेळी, भाकरी थापता थापता किंवा शेतावर चालता चालता, समोरासमोर बसवून नको. वाक्य एवढेच : "त्या दिवशी न्हाणीचं सांगत होतास ना, ते मला सगळं सांग." मग थांबा. मध्ये फक्त "हं, मग?" किंवा "पुढं काय झालं?". "तिनं इथं हात लावला का?", "तिनं असंच केलं ना?" हे प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका. अशा प्रश्नांना मूल तुम्हाला बरे वाटावे म्हणून "हो" म्हणते, आणि तुम्ही घाबरलेल्या दिसलात तर "नाही" म्हणते. दोन्ही उत्तरे निकामी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात हेच झाले. शेकडो लहान मुलांना पुन्हा पुन्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले गेले. १९८३ मध्ये सुरू झालेले प्रकरण १९९० मध्ये एकही दोषी न ठरता संपले. कुणा मुलाशी काय झाले, काय नाही, हे त्या प्रश्नांखाली कायमचे गाडले गेले.

तो बोलून झाला की त्याला दोन गोष्टी सांगा : "सांगितलंस ते बरं केलंस" आणि "यात तुझी काही चूक नाही". "मी कुणाला सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. मग वहीत त्याचेच शब्द उतरवा, तारीख, वेळ, तुम्ही काय विचारले तेही. त्याची भाषा शुद्ध करू नका. मुलाने "शूची जागा" म्हटले असेल तर तेच लिहा.

आपल्या भागात या शब्दांना आणखी महत्त्व आहे, कारण तुमचा मुलगा मराठीत बोलेल आणि ठाण्यात कागद कन्नडमध्ये होईल. तुमच्या पत्रातलाच शब्द घ्या : "मावशी". वसतिगृहातली, दवाखान्यातली, शाळेतली काम करणारी बाई आपल्यासाठी मावशीच. कन्नडमध्ये उतरवणाऱ्याने सरळ "चिक्कम्मा" लिहिले, तर कागदावर आरोपी तुमची सख्खी धाकटी बहीण होते. "अक्का"चे तसेच. मूल वसतिगृहातल्या कुठल्याही मोठ्या बाईला अक्का म्हणते, पण कन्नड कागदावर ती त्याची मोठी बहीण ठरते. याने खटल्याचे कलमसुद्धा बदलते. नातेवाइकाने केलेला गंभीर लैंगिक हल्ला पोक्सोच्या कलम ९ च्या एका पोटकलमात येतो आणि संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलेला दुसऱ्या. उलटतपासणीत वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

आणखी एक शब्द सांभाळा : "त्यांनी". मुले बाईंविषयी आदराने बोलतात, "त्यांनी बोलावलं, त्यांनी दार लावलं". या "त्यांनी"त बाई की पुरुष हे कळत नाही आणि एक की अनेक हेही कळत नाही. कन्नडमधल्या "अवरु"चे तेच. अनुवादात दोघे-तिघे होऊन बसतात, नाहीतर वाचणारा मनातल्या मनात पुरुष धरून चालतो. अशा वेळी "त्यांनी म्हणजे कोणी?" एवढा एकच प्रश्न विचारायला हरकत नाही. त्यात उत्तर सुचवलेले नाही.

कायद्याने तुम्हाला इथे बराच आधार दिला आहे, तो मागून घ्या. मुलाला कळत नाही अशा भाषेत नोंद होत असेल तर कलम १९(४) प्रमाणे पोलिसांनी दुभाषा द्यायचा असतो. कोर्टात हीच तरतूद कलम ३८ मध्ये आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घेता येतो. घेणारी शक्यतो महिला उपनिरीक्षक असावी, आणि गणवेशात नसावी (कलम २४). तुम्ही किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ बसू शकते. कलम २६ मधली शेवटची तरतूद सीमाभागात तर सोडूच नका : शक्य तिथे जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे. मुद्रण असले की मुलाची मूळ मराठी शाबूत राहते. पुढे कुणी म्हणाले "पोरगं चिक्कम्मा म्हणालं", तर ऐकवता येते.

काय करू नये तेही सांगतो. त्या बाईला जाऊन जाब विचारू नका. वसतिगृहाच्या बैठकीत दोघांना समोरासमोर आणू देऊ नका. चौघा नातेवाइकांपुढे मुलाला पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका. आणि या गोष्टीचा उलगडा होईतोवर मुलाला तिथे परत पाठवू नका. बोलायची सुरुवात १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरून करता येते, मराठीत बोलायचे आहे असे सुरुवातीलाच सांगा. पोलिसांनी अशा प्रकरणाची माहिती २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला द्यायची असते. समितीकडे सहाय्यक व्यक्तीची मागणी करा. ती खटला संपेपर्यंत मुलासोबत असते, आणि मराठी बोलणारीच हवी हे मागणीत लिहा.

तुमच्या मालकांना एक गोष्ट शांतपणे सांगा. शंका खोटी ठरली तरी चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, कलम १९(७) तेच सांगते. आणि मुलाने दिलेली माहिती चुकीची निघाली तरी मुलाला शिक्षा नाही.

प्रश्न : पोक्सोत "तो" असा शब्द आहे म्हणे. मग बाईवर गुन्हा लागतो तरी का?
— निवृत्त शिक्षक, निपाणी

लागतो. शंका निघते ती कलम ३ मधल्या इंग्रजी पुल्लिंगी सर्वनामावरून. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. अनूप जयराम भंभानी यांनी निकाल दिला की त्या शब्दाचा अर्थ फक्त पुरुष असा घेता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयात न्या. एम. नागप्रसन्न यांच्यापुढे ५२ वर्षांच्या एका महिलेचा अर्ज आला. शेजारच्या १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याचा आरोप होता आणि खटला रद्द करा अशी तिची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. पोक्सो लिंगनिरपेक्ष आहे, बाई नेहमी निष्क्रियच असते ही समजूत जुनाट आहे, आणि तक्रार चार वर्षे उशिरा आली एवढ्यावरून खटला मोडता येत नाही, असे त्यात म्हटले. अर्ज फेटाळणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे, हेही ध्यानात असू द्या. 

व्यवहारात आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. लैंगिक हेतूने स्पर्श करण्याचे कलम ७ "जो कोणी" असे सुरू होते, तिथे सर्वनामाचा वादच नाही. म्हणून तक्रार करताना कलमाचा विचार करत बसू नये. घडले ते सांगावे, कलम लावणे पोलिसांचे काम. आणि जी बाई मुलीला पुरुषाकडे पोचवते, दाराशी राखण करते, तिला कलम १७ प्रमाणे मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते.

प्रौढांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्याच "पुरुषाने" अशी आहे. जुन्या दंड संहितेचे कलम ३७७ नव्या संहितेत आलेच नाही. त्यामुळे १ जुलै २०२४ नंतर प्रौढ पुरुषावर कोणीही लैंगिक बळजबरी केली, तर त्यासाठी थेट कलम उरलेले नाही. मारहाण, धमकी, खंडणी, खासगी छायाचित्रांबद्दल माहिती तंत्रज्ञान कायदा, अशा कलमांचे ठिगळ लावावे लागते. आमच्या मते ही उणीव भरून काढायला हवी.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या सोळा वर्षांच्या मुलाचे शिकवणीच्या बाईंशी "प्रकरण" असल्याचे बाहेर आले. पोरे त्याला "नशीबवान" म्हणतात, तोही हसतो. त्याची संमती असेल तर कुणी मध्ये का पडावे?
— एक वाचक, चिकोडी

अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती पोक्सोत धरतच नाहीत. संस्थेतल्या शिक्षिकेकडून घडले असेल तर गुन्हा आणखी गंभीर प्रकारात जातो. "प्रकरण" हा शब्द दोन बरोबरीच्या माणसांसाठी. गुण देणारी, घरी बोलावणारी, पैसे भरून घेणारी प्रौढ व्यक्ती आणि तिचा विद्यार्थी यांच्यात बरोबरी नाही.

संशोधनातही या शब्दाने घोळ केलेला आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये उपचार घेणाऱ्या १६ स्त्रियांच्या अभ्यासावरून १९८९ साली मॅथ्यूज, मॅथ्यूज आणि स्पेल्ट्झ यांनी तीन प्रकार पाडले : किशोरवयीन मुलाला प्रियकर समजणारी "शिक्षिका-प्रेयसी", स्वतः लहानपणी दीर्घ अत्याचार सोसलेली, आणि पुरुषाच्या दबावाखाली सामील झालेली. पहिल्या नावात "प्रेयसी" आल्याने गुन्ह्याला प्रेमकथेचा वास लागला, आणि वर्तमानपत्रांनी तोच उचलला. ते नाव त्या बाईच्या मनातली समजूत सांगते. मुलाचे काय होते ते त्यात कुठेच नाही.

मुलगा हसतो, कारण गल्लीत दुसरे काही करायला त्याला जागा नाही. रडला तर बायल्या, गप्प बसला तर खोटारडा. पुढे दारू, अभ्यासातून मन उडणे, मुलींशी तुटक वागणे, स्वतःला इजा करणे अशा रूपात ते बाहेर येऊ शकते. तुम्ही निदान एवढे करा : तुमच्यासमोर कोणी "नशीबवान" म्हणाले तर तिथल्या तिथे थांबवा. आणि माहिती मिळूनही न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रश्न : ऊसतोडीच्या हंगामात आईबाप बाहेर गेले की आमच्याकडे मुले वाढतात. आम्ही सगळ्या महिला कर्मचारी ठेवल्या आहेत. आणखी काय करावे?
— निवासी शाळेचे व्यवस्थापक, बेळगाव जिल्हा

महिला ठेवल्या हे चांगलेच. पण सगळ्या महिला म्हणजे सुरक्षा झाली असे मानून देखरेख सैल सोडली, तर धोका तिथून शिरतो. फिंकेलहोर, विल्यम्स आणि बर्न्स यांनी १९८८ साली अमेरिकेतल्या २७० पाळणाघरांतली प्रकरणे तपासली. त्यांत ४० टक्के गुन्हेगार स्त्रिया होत्या. पाळणाघरात काम करणाऱ्या मुख्यतः बायकाच असतात हे लक्षात घेतले, तर तिथेही पुरुषांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने जास्तच ठरते. पण धडा स्पष्ट आहे : पहारा जागेवर हवा, माणूस बाई की पुरुष यावर नको.

न्हाणीपासून सुरू करा. आठ वर्षांवरच्या निरोगी मुलाची आंघोळ कर्मचाऱ्याने घालायची नाही, त्याने स्वतः करायची, असा नियम करा. लहानांची आंघोळ ठरलेल्या वेळी, दोन कर्मचाऱ्यांसमोर, बाहेरचे दार उघडे ठेवून. आडोसा मुलांना मिळावा, पण कर्मचारी आणि मूल एका कडीआड नकोत. आजारी मुलाला एकट्या कर्मचाऱ्याच्या खोलीत झोपवायचे नाही. रात्री अंथरूण ओले झाले म्हणून उठवावे लागले तर वहीत वेळ आणि दोन सह्या. ही वही तुम्ही आठवड्यातून एकदा खरोखर वाचा. एकच नाव, एकच मूल, तीच वेळ पुन्हा पुन्हा दिसली, तर शंका घ्यायला तेवढे पुरे.

न्हाणी आणि झोपायच्या खोलीत कर्मचाऱ्याचा मोबाइल नको, पाळीवर येताना कपाटात ठेवायचा. २००९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात एका पाळणाघरातली कर्मचारी महिला पकडली गेली. ती कामाच्या जागीच मोबाइलवर मुलांची छायाचित्रे काढून इंटरनेटवर ओळख झालेल्या पुरुषाला पाठवत होती. सोबतच्या बायकांना तिचे बोलणे-वागणे खटकत होते, पण कोणी वर सांगितले नाही. तुमच्या कर्मचाऱ्यांना "बारीकसारीक खटकले तरी सांगा" हे तोंडी नको, लेखी द्या, आणि सांगायचे ते दोन माणसांना, त्यातला एक संस्थेबाहेरचा.

नेमणुकीच्या वेळी पोलीस पडताळणी ऐच्छिक नाही. पोक्सो नियम २०२० प्रमाणे ती शिक्षकांइतकीच स्वयंपाकी, सफाई आणि कंत्राटी माणसांचीही करायची असते. आपल्याकडे माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंनी येतात. म्हणून मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिली तिथल्या ठाण्याची पडताळणी मागा, आणि जुन्या मालकाला फोन करून एकच प्रश्न विचारा : "मुलांसोबत काम करायला तुम्ही हिला पुन्हा ठेवाल का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर कारण विचारा. तक्रार आली आणि तुम्ही संस्थेच्या नावासाठी दाबली, तर संस्थाप्रमुख म्हणून तुम्हाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : वय ३६. अकरा वर्षांचा असताना घरातल्याच एका बाईने माझ्याशी केले. आजवर बायकोलाही सांगितले नाही. शरीराने तेव्हा साथ दिली होती, मग तो अत्याचार कसा म्हणायचा? आता काही करता येते का?
— नाव नको

अत्याचारच होता. भीतीत, गोंधळात, नकोसे असतानाही शरीर स्पर्शाला प्रतिक्रिया देते. गुदगुल्या केल्या की हसू येते, त्या हसण्याला आपण संमती म्हणत नाही. अकरा वर्षांच्या मुलाकडे नकार द्यायला शब्द नव्हते, आणि घरातल्या मोठ्या माणसाला नकार द्यायची सोयही नव्हती. तुम्ही एकटेही नाही. अमेरिकी सरकारच्या २०१० च्या सर्वेक्षणात ज्या पुरुषांना समोरच्या व्यक्तीशी संभोग करायला भाग पाडले गेले, त्यांतल्या ७९.२ टक्क्यांनी तसे करणाऱ्या फक्त स्त्रिया होत्या असे सांगितले.

कायद्याचे बोलायचे तर पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्याआधीच्या घटनेला तो लावता येत नाही. तुमच्या बाबतीत ती वाट जवळजवळ बंद आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण ती बाई आज लहान मुलांच्या सहवासात असेल, तर "गुन्हा होण्याची भीती" हेही कळवायचे कारण कलम १९ मध्ये धरले आहे. ते तुम्ही आज करू शकता.

स्वतःसाठी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, तो दिवसरात्र चालतो. भाषा निवडायची सोय आहे. समुपदेशकाने पहिल्या भेटीत हसण्यावारी नेले, किंवा "पुरुषाला काय त्याचं" असे म्हटले, तर दुसरा शोधा. दोष तुमच्या सांगण्यात नाही. बायकोला सगळे एकदम सांगायची गरज नाही. "लहानपणी माझ्याशी वाईट झालं होतं, मी त्यासाठी मदत घेतोय" एवढ्यानेही सुरुवात होते.

प्रश्न : अशा बायका पुन्हा तेच करतात का? त्यांना उपचार असतात का?
— समाजकार्याची विद्यार्थिनी, बेळगाव

पुन्हा पकडल्या जाण्याचे प्रमाण कमी आहे. कॉर्टोनी, हॅन्सन आणि कोआश यांनी २०१० साली १० अभ्यासांतल्या २,४९० स्त्रिया सरासरी साडेसहा वर्षे पाहिल्या. पुन्हा लैंगिक गुन्हा नोंदला गेला तो तीन टक्क्यांहून कमी जणींवर. नोंदच मुळात कमी होते हे पहिल्या उत्तरात आले आहेच, तरी पुरुषांच्या तुलनेत धोका कमी हे पक्के दिसते.

म्हणून पुरुषांसाठीची मापे त्यांना लावू नयेत. स्टॅटिक-९९ हे जगभर वापरले जाणारे धोका-मापन प्रौढ पुरुषांसाठी बनवले आहे, बाईला लावले तर उत्तर चुकते. बायकांत बघायच्या गोष्टी वेगळ्या. नेदरलँड्समध्ये वाइकमन आणि सहकाऱ्यांनी १११ स्त्रियांच्या फायली तपासल्या, जवळपास दोन तृतीयांश जणींनी गुन्हा दुसऱ्या कुणाबरोबर, बहुधा पुरुषाबरोबर, केला होता. ब्रिटनमध्ये थेरेसा गॅनन यांनी २२ कैदी स्त्रियांकडून गुन्ह्यापर्यंतची वाट मांडून घेतली. तीत बालपणीचा अत्याचार, मारहाण करणारा जोडीदार, आणि आधार देणारे कोणी नसणे हे पुन्हा पुन्हा आले. पण सगळ्याच दबावाखाली नसतात. काही स्वतः ठरवून, मुलावर हुकमत गाजवायला हे करतात. म्हणून "बिचारी, नवऱ्यानं करायला लावलं" हे तपासायचे असते, गृहीत धरायचे नसते. उपचारही त्यावरच ठरतात : एकीला आधी त्या जोडीदारापासून तोडावे लागते, दुसरीला मुलांविषयीच्या स्वतःच्या समजुती उलगडाव्या लागतात.

प्रश्न : आम्ही निपाणीजवळ राहतो, घटना कोल्हापुरातल्या वसतिगृहात घडली. तिकडचे म्हणतात कर्नाटकात जा, इकडचे म्हणतात महाराष्ट्रात जा.
— एक वडील

दोघांनाही तसे म्हणता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठेही घडली असली तरी ठाण्याने माहिती नोंदवायलाच हवी. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तुम्ही निपाणीला नोंदवा, ते कागद कोल्हापूरला पाठवणे पोलिसांचे काम, तुमचे नाही. ठाण्याने नकार दिला तर लेखी अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. वकील नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा.

घटना ताजी असेल तर ठाण्याआधी दवाखाना गाठला तरी चालतो. सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला प्रथमोपचार मोफत द्यावेच लागतात, "आधी एफआयआर आणा" म्हणता येत नाही. एचआयव्हीविरोधी औषधाची गरज असेल तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, जितके लवकर तितके बरे. मुलाला आंघोळ घालू नका. अंगावरचे कपडे न धुता, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा जातो.

निपाणीत नोंद कन्नडमध्ये होईल. सही करण्याआधी "मला मराठीत वाचून दाखवा" म्हणा. लिहिलेले वाचून दाखवणे पोक्सोच्या कलम १९(२) प्रमाणे बंधनकारक आहे. ऐकताना मुलाने सांगितलेले नाव, नाते, जागा आणि आकडे तुमच्या वहीशी ताडून बघा, चूक असेल तिथे दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा. एफआयआरची प्रत तिथेच मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.